बसा, सोडतो

आमच्या गावात पायी चालणं अवघड आहे. रस्ते वाईट आहेत हे खरं, पण त्यांची सवय झाली आहे. अवघड जातं ते गावाच्या चांगुलपणामुळे. घरातून निघून चौकापर्यंत पोचावं, तोच मागून मोटारसायकल येते, अंगाला लागून थांबते, चालवणाऱ्याचा एक पाय जमिनीला टेकतो आणि आवाज येतो, "सर, बसा, सोडतो."

"नको रे, चालतच जातो."

"चालत? गाडी बिघडली काय?"

गाडी ठणठणीत आहे असं सांगितलं की तो आपल्याला वरपासून खालपर्यंत बघतो. गाडी ठीक असून माणूस चालतोय, तेव्हा बिघाड माणसात असणार. मग आवाज खाली आणून, "शुगर निघाली काय?" तेही नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: "गणपतीच्या वर्गणीला जरा जास्त बोललो, त्याचा राग धरला काय, सर?" या प्रश्नाला उत्तर एकच. मुकाट्याने मागे बसायचं.

माझी हयात ज्युनिअर कॉलेजात शिकवण्यात गेली, त्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या दुचाकी माझे माजी विद्यार्थी चालवतात. त्यातले जे नापास झाले ते अगदी दारापर्यंत सोडतात. जे पहिले आले ते पुण्याला आहेत, आणि तिथे चालायला मिळावं म्हणून जिमची वार्षिक फी भरतात.

अशा या गावात यंदा बायपासला फलक लागला: 'पर्यावरणपूरक, पादचारीस्नेही वसाहत. एनए प्लॉट. लोन उपलब्ध.'

गावाला गाव म्हणायची आता चोरी आहे. गेल्या दशकात तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, तशी आमचीही झाली. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या जागी मुख्याधिकारी साहेब. घरपट्टीची नवी बिलं आली तेव्हा आपण शहरात राहतो हे लोकांना पहिल्यांदा कळलं. उसाच्या रानात चुन्याच्या रेघा पडल्या आणि जी जमीन एकरात कसली जायची ती गुंठ्यात विकली जाऊ लागली. दरम्यान बायपास झाला. गावातली गर्दी टाळण्यासाठी तो काढला होता. गर्दीला हे समजताच ती बायपासला राहायला गेली.

वसाहतीचं सादरीकरण मंगल कार्यालयात झालं. नाष्टा ठेवलेला असल्यामुळे उपस्थिती उत्तम होती. पुण्याहून वास्तुविशारद आले होते. पोरगेलेसे, मनाने चांगले. लोकांनी चालावं असं त्यांना खरोखरच वाटत होतं, हे त्यांच्या बोलण्यातून कळत होतं. पडद्यावर चित्रं आली. चित्रातला रस्ता कालच झालेला आणि त्याच्या कडेची झाडं तीस वर्षांची. एक मुलगा हातात फुगा घेऊन उभा. एक गोरी बाई कुत्र्याला फिरायला घेऊन निघालेली. आमच्या गावातली कुत्री आपली आपण फिरतात, त्यामुळे हे चित्र लोकांनी बराच वेळ बघितलं.

वास्तुविशारदांनी सांगितलं की अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी नावाच्या माणसाने १९२९ सालीच वस्ती कशी असावी ते मांडून ठेवलं आहे. शाळा मधोमध, आणि कुठल्याही घरापासून ती पाव मैलावर, साधारण ४०० मीटरवर, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीवर. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत, वस्तीच्या पोटातून नव्हे. दुकानं कोपऱ्यांवर.

"आपली मराठी शाळा तशीच हाय की," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बरोब्बर गावाच्या मधी."

हेही खरं. जिल्हा परिषदेची शाळा पाच मिनिटांवरच आहे. पेरीसाहेबांनी येऊन मोजली असती तर त्यांना समाधान वाटलं असतं. फक्त तिचा पट घसरला आहे, कारण मुलं सकाळी सातला पिवळ्या बसमध्ये बसून दूरच्या इंग्रजी शाळेत जातात आणि तिथे 'अवर नेबरहुड' हा धडा शिकून संध्याकाळी परत येतात.

मग प्रश्न विचारायला सांगितलं. पहिला प्रश्न: पार्किंग किती? दुसरा: ट्रॅक्टर-ट्रॉली वळेल का? तिसरा: प्लॉट वास्तूप्रमाणे आहेत का? चौथा प्रश्न बचत गटाच्या एका काकूंनी विचारला. "एवढ्या लांब राहायला आल्यावर कोथिंबीर कुठं घ्यायची?"

वास्तुविशारदांनी डेव्हलपरकडे पाहिलं. डेव्हलपर म्हणाले, "वहिनी, ॲपवर घरपोच येईल." काकू खाली बसल्या, पण त्यांचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. वसाहत गावापासून तीन किलोमीटरवर, कारण जमीन तिथे स्वस्त. आत जॉगिंग ट्रॅक आहे, आठ आकडी पायवाट आहे, 'सिनिअर सिटिझन कट्टा' आहे. चालायला सगळं आहे. चालत जायला काही नाही. दूध, दळण, दवाखाना, केस कापणं, मोबाइलचं रिचार्ज, रेशन, मयत, साखरपुडा, सगळं गावात. म्हणजे पादचारीस्नेही वसाहतीत राहायचं तर घरटी दोन गाड्या हव्यातच, एक त्यांना आणि एक यांना. एका पेंढीसाठी जाऊन-येऊन सहा किलोमीटर. ट्रॅकला चकरा मारायच्या त्या कोथिंबिरीची गाडी परत आणून लावल्यावर.

दुकान का नाही, असं मी नंतर डेव्हलपरना खाजगीत विचारलं. तेही माझेच विद्यार्थी. म्हणाले, "सर, किराणा आला की टपरी येते, टपरी आली की पोरं येतात, आणि पोरं आली की क्लास जातो." नियम दुकानाच्या आड येत नाही, ठराविक रुंदीच्या रस्त्याला लागून निवासी भागातही छोटी दुकानं चालतात. आड येते ती प्रतिष्ठा. ज्या गल्लीत गिरणीचा आवाज आणि तळणीचा वास येतो ती गल्ली आपल्याकडे गरिबाची समजतात. बिनवासाची ती श्रीमंताची.

नियमांचं म्हणाल तर ते कागदावर वाईट नाहीत. डिसेंबर २०२० पासून राज्याला जी एकत्रित विकास नियमावली लागू झाली, तिच्यात ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर आणि त्यावरच्या रेखांकनात १० टक्के जागा मोकळी सोडायला सांगितली आहे. आमच्याकडे ही १० टक्के जागा ओळखायची सोपी खूण आहे: वरून हाय टेन्शनची तार जाते ती, किंवा ओढ्याचं पाणी शिरतं ती. ती काही वर्षं मोकळी राहते. मग तिथे एक छोटं मंदिर येतं, मंदिरापुढे शेड, शेडला कंपाऊंड, कंपाऊंडला कुलूप. पोरांना खेळायला रस्ता उरतो आणि रस्त्यावर खेळतात म्हणून पोरांना शिव्या बसतात.

पावसाचं पाणी जिरवण्याची सक्तीही नियमावलीत आहे. घरांना ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांपासून लागते. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, आणि आमचे प्लॉट एक गुंठ्याचे, फार तर दोन. त्यामुळे पाऊस कुठल्याही नियमात न अडकता पत्र्यावरून रस्त्यावर, रस्त्यावरून ओढ्यात आणि ओढ्यातून दुसऱ्या तालुक्यात जातो. अंगणात जिरला असता, पण अंगणाला पेव्हिंग ब्लॉक बसवलेत. पेव्हिंग ब्लॉक हे आमच्या नगरपंचायतीचं ग्रामदैवत आहे. जिथे माती दिसेल तिथे तो बसतो.

झाडांबद्दल बोलायला नको, पण बोलतो. प्रवेशद्वारापासून दोन्ही बाजूंनी पाम लावले आहेत. पामची सावली पामलाच पुरत नाही. वसाहतीच्या मागच्या कोपऱ्यात मियावाकी पद्धतीचं घनवन आहे. ती पद्धत जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींची: स्थानिक जातींची रोपं दाटीवाटीने लावायची, दोन-तीन वर्षं पाणी घालायचं आणि मग रान सोडून द्यायचं. चांगली कल्पना आहे. पण दाटीवाटी एवढी की आत माणूस शिरत नाही, आणि सावलीची गरज रस्त्याच्या कडेला असते. गावाकडून वसाहतीकडे येणाऱ्या रस्त्याला चिंचेची झाडं होती, त्यांच्या सावलीत बाजारच्या बायका पाटी उतरवून टेकायच्या. ती रुंदीकरणात गेली. वैशाखात दुपारी त्या रस्त्याने चालणाऱ्याला मात्र 'बसा, सोडतो' म्हटलं की तो नाही म्हणत नाही. तत्त्वनिष्ठ पादचारी मीही आहे, पण मार्चपर्यंतच.

फूटपाथ गावात एकच आहे, तहसीलसमोर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फूटपाथला किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे म्हाताऱ्यांना पाय उचलून चढता येतं, व्हीलचेअरवाल्याची सोय करता येते. आमचा फूटपाथ मुळात गटाराचं झाकण आहे, त्यामुळे त्याची उंची गटाराने ठरवली. गुडघ्याएवढी भरते. गाड्या चढू नयेत म्हणून असं केलं, असं नंतर सांगण्यात आलं. गाड्या चढत नाहीत हे खरं. एक डीपी, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक फ्लेक्स, उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ आणि कुणाच्या तरी बांधकामाची वाळू एवढं सोडलं तर तो पूर्ण मोकळा असतो.

सादरीकरणात वास्तुविशारदांनी जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराचं उदाहरण दिलं होतं. तिथे फ्रेंच फौजेची छावणी होती, १९९२ साली फौज गेली आणि त्या जागेवर वोबाँ नावाची वस्ती उभी राहिली. पाच-साडेपाच हजार माणसं. गाडी ठेवायची तर वस्तीच्या टोकाला बहुमजली पार्किंगमध्ये, तीही जागा वेगळे पैसे मोजून. घरासमोरच्या रस्त्यावर पोरं खेळतात. गावात जायला ट्राम. सभेला हे पटलं नाही. "म्हणजे गाडी डोळ्याआड?" एकाने विचारलं. घरासमोर उभी न राहणारी गाडी घेण्यात अर्थ काय, हे त्याला कळेना आणि वास्तुविशारदांना सांगता येईना.

पण वोबाँसाठी जर्मनांना एवढा खटाटोप करावा लागला, ते आमच्याकडे दर गुरुवारी होतं. गुरुवारी आठवड्याचा बाजार. सकाळी आठपासून एसटी स्टँड ते वेशीपर्यंत गाडी शिरू शकत नाही. ठराव नाही, फलक नाही, पोलीस नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना मेथी, वांगी, सुकट, चपला आणि बी-बियाणं, मधोमध माणसं. आमदारांची गाडीसुद्धा स्टँडवर थांबते आणि साहेब पायी येतात. आमचे साहेब चालतात कसे हे मतदारांना बघायला मिळतं ते तेवढंच. त्या दिवशी कुणी कुणाला 'बसा, सोडतो' म्हणत नाही. गुडघे दुखतात म्हणून संडासापर्यंतसुद्धा काठीशिवाय न जाणारी माणसं दोन तास उभ्याने भाव करतात. शुक्रवारी सकाळी पुन्हा सगळे गाडीवर. चालायची ताकद गुरुवारपुरतीच येते की काय, हे डॉक्टरांनी एकदा तपासायला हवं.

जुन्या गावठाणाचे गोडवे मी गाणार नाही. बोळ अरुंद, त्यामुळे भर उन्हातही एका भिंतीची सावली दुसरीवर पडते, सगळं हाकेच्या अंतरावर, ओट्यावर बसलेल्या आजीचा सीसीटीव्ही चोवीस तास चालू. हे सगळं खरं. पण उघडी गटारंही तिथलीच. वाडे भावकीच्या दाव्यात पडून गेले तेही तिथलेच. आणि 'सगळं हाकेच्या अंतरावर' हे सगळ्यांसाठी कधीच नव्हतं. ज्यांची वस्ती वेशीबाहेर होती त्यांना पाण्यापर्यंतची चाल लांब होती आणि आड जवळ असला तरी त्यांच्यासाठी नव्हता. नव्या वसाहतीत निदान नळाला जात विचारत नाहीत. प्लॉट विकताना आडनाव विचारतात, पण ते 'सहज' विचारतात.

तरीसुद्धा गाव चालत हिंडून बघितल्याशिवाय त्याचा आराखडा करू नये, एवढं खरं. हे माझं मत नाही, पॅट्रिक गेडिस यांचं आहे. हे स्कॉटिश गृहस्थ मुळात जीवशास्त्रज्ञ. १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि इंदूरपासून तंजावरपर्यंत गावंच्या गावं पायी पालथी घातली. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. रस्ता सरळ करण्यासाठी वस्ती पाडणाऱ्या इंजिनिअरांशी त्यांचं जमत नसे. त्यांचं म्हणणं असं की एखादं पडकं घर काढा, तिथे मोकळी जागा ठेवा, झाड लावा, विहीर बुजवू नका आणि उरलेल्या माणसांना आहे तिथे राहू द्या. स्वस्तही पडतं. स्वस्त पडतं म्हणूनच बहुधा ते कुणी मनावर घेतलं नाही.

त्यांच्या इंदूरच्या मुक्कामाची एक गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. शहरात प्लेगची भीती. गेडिसनी होळकर दरबाराकडून दिवाळीची मिरवणूक काढण्याचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केलं की यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातले लोक आपली घरं आणि गल्ली सर्वांत स्वच्छ करतील, त्या भागातून जाईल. झालं. सगळं शहर झाडायला लागलं. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिकृती काढून जाळली आणि सफाई कामगारांना मानाने हार घालून मिरवलं. तेच इंदूर २०१७ ते २०२३ लागोपाठ देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं. याचं श्रेय गेडिसना देणं ओढूनताणून होईल, पण द्यायचा मोह होतो.

ही गोष्ट मी आमच्या नगरसेवकांना सांगितली. त्यांनी मनापासून ऐकली आणि म्हणाले, "सर, आपल्याकडं मिरवणुकीचा मार्ग डीजेच्या उंचीवर ठरतोय." मार्गावरच्या झाडांच्या फांद्या त्या उंचीप्रमाणे छाटल्या जातात.

आता खऱ्या पादचारी वसाहतीबद्दल सांगतो, जी गावात आधीच आहे आणि जिचा नकाशा कुणी काढलेला नाही. काही वर्षांपूर्वी हायस्कूलच्या मागे पहिली 'ग्रीन' वसाहत झाली. तिला आठ फुटी सीमाभिंत. भिंतीपलीकडे हायस्कूलचं मैदान, घरातून घंटा ऐकू येते. पण शाळेत जायचं तर गेटमधून बाहेर, बायपासला वळसा, पेट्रोल पंप, मग चौक, असं दीड-दोन किलोमीटर. वर्ष संपायच्या आत भिंतीत भगदाड पडलं. पाडलं कुणी हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही.

कमिटीने ते बुजवलं. ते पुन्हा पडलं. प्रत्येक वेळी थोडं मोठं. आधी त्यातून पोरगं जायचं, मग दप्तरासकट पोरगं, मग नातवाला सोडायला निघालेल्या आज्या. मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या, पलीकडच्या वाडीतल्या मुली सायकल तिरकी करून निघू लागल्या, कारण बायपासच्या ट्रकांपेक्षा हे बरं. मग भगदाडाशी चहाची टपरी आली. झेरॉक्स आलं. सकाळी भाजीवाल्या मावशी तिथे पाटी मांडू लागल्या, कोथिंबिरीसकट. नकाशात जिथे 'सीमाभिंत' लिहिलं आहे तिथे आज त्या वसाहतीतला एकुलता एक चौक आहे. अध्यक्ष दर वार्षिक सभेत भगदाडाचा निषेध करतात. त्यांच्या मातोश्री रोज पहाटे त्यातूनच काकड्याला जातात. भगदाडातून कुणी जाऊ नये म्हणून वॉचमन नेमला आहे. तो चहाला पलीकडे असतो.

एकदा कुणीतरी मोटारसायकल त्यातून घातली. तेव्हा मात्र आज्यांनी गलका केला आणि कमिटीने बरोबर मधे एक धोंडा रोवला. माणूस जातो, तिरकी सायकल जाते, गाडी अडते. ना १.८ मीटर, ना सल्लागार, ना निविदा. पण गावभर शोधूनही पायी चालणाऱ्यासाठी केलेली दुसरी सोय सापडायची नाही. मी संध्याकाळी मुद्दाम तिकडे फिरायला जातो. तिथे मला कुणी सोडू शकत नाही.

यंदा नगरपंचायतीचा प्रारूप विकास आराखडा लागणार आहे. तो लागला की सूचना-हरकती मागवतील. हरकती काय येणार ते मी आत्ताच सांगतो: रस्ता मोठा हवा पण शेजाऱ्याच्या बाजूने, बाग हवी पण तिचं आरक्षण दुसऱ्याच्या गटात, शाळा जवळ हवी पण तिची घंटा लांब. ठीक आहे, तेवढं आपण करणारच. पण सोबत एक सूचनाही लिहा. नवीन रेखांकनाला परवानगी देताना शाळेकडच्या, बाजाराकडच्या आणि एसटी स्टँडकडच्या भिंतीत पायी जाण्यापुरतं दार ठेवायला सांगा, आणि त्या दारापाशी एका दुकानाला जागा. दार तीन फुटांचं पुरे. धोंडा आपण आपला आणू. अर्ज साध्या कागदावर चालतो.